हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ आणि आपण

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे एक चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्या दिवसापर्यंत आधुनिक भारतीय चित्रकाराच्या कोणत्याही चित्राला लिलावात एवढी बोली लागलेली नव्हती. त्याआधीचा उच्चांक अमृता शेर-गिल यांच्या एका चित्राच्या नावावर होता. ते २०२३ साली ६१ कोटी ८० लाखांना गेले होते. हुसेन यांच्या चित्राने ती रक्कम जवळजवळ दुप्पट केली.

बातमी मराठी वृत्तपत्रांतही आली आणि नंतर मोबाईलवरून घरोघर फिरली. ‘पंढरपूरचा हुसेन’, ‘आपला हुसेन’ अशी विशेषणे तिच्यासोबत फिरत होती. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या सगळ्या मजकुरात कोट्यवधींचा आकडा ठळक होता आणि चित्रात काय आहे, याविषयी दोन ओळीसुद्धा मुश्किलीने सापडत होत्या. एखाद्या शायराला मोठे बक्षीस मिळावे, मोहल्ल्यात मिठाई वाटली जावी, पण त्याचा एकही शेर कुणाला ठाऊक नसावा, असा हा प्रकार आहे. आम्ही नगर जिल्ह्यात बसून हे लिहीत आहोत, आणि चित्र न पाहता चित्राविषयी बोलण्याची ही सवय नगरलाही नवी नाही. त्याविषयी पुढे बोलूच. आधी चित्राकडे वळू.

सत्तर वर्षांचा अज्ञातवास

या चित्राला हुसेन यांनी दिलेले शीर्षक आढळत नाही. ‘ग्रामयात्रा’ या नावाने ते ओळखले जाते. ते १९५४ साली रंगवले गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी लिऑन एलियास व्होलोदार्स्की नावाचे डॉक्टर दिल्लीला आले होते. जन्माने युक्रेनचे, वास्तव्याने नॉर्वेचे. छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देणारे केंद्र दिल्लीत उभारण्याच्या कामात ते होते. त्यांनी हे चित्र विकत घेतले आणि मायदेशी नेले. तेव्हा हुसेन यांचे नाव मुंबई-दिल्लीच्या मोजक्या वर्तुळापलीकडे गेलेले नव्हते. पुढे १९६४ साली डॉक्टरांकडून हे चित्र ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे आले आणि तिथल्या मज्जाविकार विभागाच्या एका आतल्या बोळात लागले. तिथे सर्वसामान्यांची ये-जा नव्हती. डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी रोज त्याच्यासमोरून जात राहिले. भारतातील अभ्यासकांना आणि रसिकांना ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाही. लिलावातून आलेली रक्कम त्या डॉक्टरांच्या नावाने डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचे रुग्णालयाने जाहीर केले. चित्र किरण नाडर यांनी घेतल्याचे वृत्तपत्रांनी दिले. दिल्लीतील त्यांचे कलासंग्रहालय प्रसिद्ध आहे.

म्हणजे हे चित्र कुणी चोरले नव्हते, लपवलेही नव्हते. ते भिंतीवरच होते. फक्त ज्यांच्या जगण्याचे ते चित्र आहे, त्यांच्या नजरेपासून ते सत्तर वर्षे दूर होते.

चौकटीबाहेर आलेला हात

आम्ही ‘ग्रामयात्रा’ छापील प्रतिकृतींमधूनच पाहिली आहे. त्यामुळे रंगाच्या थरांविषयी किंवा कुंचल्याच्या फटकाऱ्यांविषयी ठाम बोलणे योग्य नाही. रचना मात्र प्रतिकृतीतही स्वच्छ दिसते. जवळपास चौदा फूट लांबीचा हा आडवा कॅनव्हास तेरा लहानमोठ्या चौकटींत विभागला आहे. एकेका चौकटीत गावाच्या जगण्याचा एकेक तुकडा आहे. धान्य दळणाऱ्या बायका आहेत, मूल जवळ घेतलेली आई आहे, गाडीतून निघालेली माणसे आहेत. राजा नाही, लढाई नाही, देवदूत नाही. एखादी गोष्ट सुरू होऊन संपावी तशी क्रमवार कथाही नाही. आपण डावीकडून पाहा किंवा उजवीकडून, गाव सुरूच राहते. ‘यात्रा’ हे नाव त्या अर्थाने शोभते. आपल्याकडे उरूस असो की जत्रा, माणूस एका टोकाने शिरतो आणि वाट फुटेल तसा हिंडतो. हे चित्रही तसेच हिंडून पाहायचे आहे.

या तेरा चौकटींत पुरुष जवळपास नाहीतच. बायकाच बायका आहेत, आणि त्या कुणाचे मन रमवण्यासाठी बसलेल्या नाहीत, कामात आहेत. अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे ते एका उभ्या शेतकऱ्याकडे. तो एकटा पुरुष. त्याचा हात त्याच्या चौकटीत मावत नाही. तो शेजारच्या चौकटीत जातो आणि तिथल्या जमिनीला, शेतांना जणू आधार देतो. हा शेतकरी म्हणजे स्वतः चित्रकारच, असे काहींनी म्हटले आहे. तसे असेल किंवा नसेल, पण तो हात हा या चित्राचा प्राण आहे असे आम्हाला वाटते. इतर सर्व चौकटी आपापली हद्द सांभाळून आहेत. हा एकच हात हद्द ओलांडतो, आणि तो काही हिसकावून घेण्यासाठी नव्हे, सावरण्यासाठी. फाळणीला सात वर्षे झालेली असताना, आखलेल्या रेषांनी लाखो माणसांची वाताहत केलेली असताना, एका मुसलमान चित्रकाराने असा हात काढला. याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या परीने लावावा.

ही भाषा हुसेन यांना कोठून मिळाली? त्यांचा जन्म पंढरपूरचा, सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आई ते तान्हे असतानाच गेली. बालपण इंदूरला गेले. काही काळ ते बडोद्यास राहिले, तेथे अरबी सुलेखनाशी त्यांचा हात जुळला. मुंबईला आल्यावर पोटासाठी सिनेमाची पोस्टरे रंगवली, लाकडी खेळणी केली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाक्रे यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये ते सामील झाले. १९४८ साली दिल्लीत भरलेल्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची आणि गुप्तकाळातील शिल्पे तसेच पहाडी लघुचित्रे पाहिली आणि ते भारावून गेले. १९५२ साली ते चीनला गेले, तिथल्या ज्येष्ठ चित्रकारांना भेटले. ‘ग्रामयात्रा’मध्ये हे सर्व एकत्र आले आहे. बायकांच्या देहाची ठेवण जुन्या शिल्पांची आहे, चौकटींची मांडणी लघुचित्रांच्या पोथीची आहे, आणि थोडक्यात आकार बांधणारी ती जाड, वेगवान रेघ खत्ताची आहे. ज्याने बोरूने अलिफ आणि लाम गिरवले आहेत, त्याच्या हाताला ती रेघ सहज येते. नगरच्या दमडी मशिदीतील दगडात कोरलेली अक्षरे ज्यांनी निरखून पाहिली असतील, त्यांना आम्ही काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही. अक्षर हेही चित्रच असते आणि कठीण दगडातही ते वाहते.

हुसेन यांच्या घोड्यांचे मूळ इंदूरच्या मोहरमच्या मिरवणुकीतील दुलदुलमध्ये शोधले जाते. नगरच्या वाचकाला ही गोष्ट पुस्तकातून समजावून घ्यावी लागत नाही. कत्तलच्या रात्री कोठल्यावर उसळणारी गर्दी, थोरले इमाम आणि धाकटे इमाम यांच्या सवाऱ्या, आणि त्या गर्दीत श्रद्धेने आलेले हिंदू शेजारी, हे ज्याने पाहिले आहे त्याला हुसेन यांच्या चित्रांतील गती परकी वाटू नये. एखाद्या लहान मुलाने असे दृश्य डोळे भरून पाहिले, तर पुढे त्याच्या हातून काय उमटू शकते, याचे हुसेन हे एक उदाहरण आहे.

जे चित्रात नाही

केवळ कौतुक करून थांबणे समीक्षेला शोभत नाही. ‘ग्रामयात्रा’मधील गाव सुंदर आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. या गावात श्रम आहेत, पण श्रमाचा शीण दिसत नाही. या गावाला वेस आहे की नाही, वेशीबाहेर कोण राहते, पाणवठा कुणाला खुला आहे आणि कुणाला बंद, याचा पत्ता लागत नाही. नगर जिल्ह्याने गाव फार वेगळे पाहिले आहे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका, हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, गावकुसाबाहेरची वस्ती, हे आमचे गाव आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठी वाचकाला गाव पाहण्याची जी नजर दिली, ती घेऊन या चित्रासमोर उभे राहिले की जात्यावरच्या बाईला विचारावेसे वाटते, बाई, दळण कुणाच्या घरचे?

खेड्यातला मुसलमानही या चित्रात ओळखू येत नाही. मुलाणी, आतार, मन्यार, पिंजारी अशा नावांनी गावगाड्यात रुतलेली आपली माणसे येथे वेगळी दिसत नाहीत. यावर आमच्यातील काही जण नाराज होतील. आम्हाला मात्र ही उणीव वाटत नाही. १९५४ साली हुसेन यांनी माणसांच्या डोक्यावर टोपी किंवा कपाळावर टिळा रंगवण्याचे नाकारले. जातीचे वास्तव त्यामुळे झाकले गेले, हा दोष खरा. धर्माची पाटी न लावता गाव सर्वांचे ठेवले, हे बळही खरे. एकाच निर्णयातून हे दोन्ही निघाले आहे.

पुढच्या काळातील हुसेन यांच्याविषयीही असेच दोन्ही बाजूंनी बोलावे लागेल. १९५५ सालच्या ‘जमीन’ या चित्राने त्यांना राष्ट्रीय प्रदर्शनाचा पुरस्कार मिळवून दिला. ‘ग्रामयात्रा’ ही त्या चित्राची थोरली बहीण म्हणता येईल. ‘जमीन’ रंगवणाऱ्या या चित्रकाराने १९७५ साली आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवले. नंतरच्या वर्षांत घोडे आणि नट्या यांची पुनरावृत्तीही पुष्कळ झाली. बाजाराला हवा तो हुसेन त्यांनी बाजाराला हवा तितका दिला. अशा वेळी ‘ग्रामयात्रा’सारखे चित्र पुन्हा समोर येणे महत्त्वाचे आहे. प्रसिद्धीच्या आधीचा, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, कष्टाने शिकणारा चित्रकार त्यात भेटतो.

किंमत आणि जप्ती

मार्चमध्ये हा विक्रम झाला. त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीच्या एका न्यायालयाने खासगी कलादालनात प्रदर्शित झालेली हुसेन यांची दोन चित्रे जप्त करण्याचा आदेश दिला होता. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार एका वकिलाने केली होती. जून २०२५ मध्ये मुंबईत, कर्जवसुलीच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हुसेन यांच्या पंचवीस चित्रांचा लिलाव झाला, तोही पोलिसांच्या बंदोबस्तात. सहा महिन्यांत एकाच चित्रकाराच्या वाट्याला जप्ती, विक्रम आणि बंदोबस्त असे तिन्ही आले.

या विरोधाभासाचा इतिहास मोठा आहे. १९९६ साली एका हिंदी मासिकातील लेखामुळे त्यांच्या जुन्या रेखाटनांवर वादळ उठले. खटले झाले, १९९८ साली मुंबईतील त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ साली त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तरी नव्वदी ओलांडलेला तो माणूस परत येऊ शकला नाही. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफनही तिकडेच झाले. हे सर्व आपल्याला पाठ आहे, कारण यात आपण अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूचे आहोत.

पण एक पान आपण सहसा उलटत नाही. २००४ साली हुसेन यांचा ‘मीनाक्षी’ हा चित्रपट आला. त्यातील एका कव्वालीत कुरआन शरीफमधील शब्द आल्याबद्दल मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. तेव्हा हुसेन यांच्या विरोधात उभे राहिलेले लोक आपले होते. त्यांच्यापैकी किती जणांनी चित्रपट पाहिला होता? जे प्रश्न आपण इतरांना विचारतो, ते आपल्यालाही लागू होतात. न पाहता दुखावले जाणे आणि न पाहता अभिमान बाळगणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

पुसलेली राणी

आपल्याकडे तस्वीर या विषयाबद्दलच एक अवघडलेपण आहे. चित्र काढणे धर्मात बसते की नाही, यावर उलेमांमध्ये जुनी चर्चा आहे. तिचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. इतिहास मात्र सर्वांसमोर आहे. मुसलमानांनी मशिदींत अक्षरे आणि वेलबुट्टी ठेवली, आणि चित्रे ग्रंथांत व महालांत जपली. याचा दाखला शोधायला इराणला जाण्याचे कारण नाही. तो आमच्या नगरचाच आहे.

‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या शायराने रचलेले फारसी काव्य. नायक दुसराच हुसेन, म्हणजे नगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा. १५६५ सालच्या तालिकोटच्या लढाईतील विजय आणि सुलतानाची राणी खुंजा हुमायून हिच्याशी झालेला विवाह, हे त्याचे विषय. हे हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात बारा चित्रे शिल्लक आहेत, आणि दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९८७ साली मंडळाने तो प्रसिद्ध केला. एका फारसी काव्याचे आणि नगरच्या चित्रांचे जतन पुण्यातील मराठी संशोधकांनी केले, याची नोंद आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे.

या चित्रांत सुलतानाशेजारी राणी बसलेली होती. सुलतानाच्या मृत्यूनंतर ती अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहू लागली. पुढे मुलाने, मुर्तजा निजामशहाने, तिला कैदेत टाकले. त्यानंतर कधीतरी अनेक चित्रांतील तिची आकृती रंग फासून पुसण्यात आली. आजही त्या पानांवर सुलतान दिसतो आणि त्याच्या शेजारी एक डाग दिसतो. तो डाग म्हणजे चांदबीबीची आई. जिच्या लेकीने नगरचा किल्ला लढवला, ती बाई नगरच्या चित्रातून अशी काढून टाकली गेली. येथे कारण धर्माचे नव्हते, सत्तेचे होते. चित्र पुसणाऱ्यांची कारणे अनेकदा सत्तेचीच असतात, नाव वेगळे दिले जाते.

या बारा चित्रांची आठवण आम्हाला ‘ग्रामयात्रा’ पाहताना झाली, कारण दोन्हींमध्ये जवळपास चार शतकांचे अंतर असूनही प्रश्न एकच आहे. चित्रात बाईला जागा किती? दरबारी पोथीत एका राणीलाही आपली जागा टिकवता आली नाही. हुसेन यांच्या कॅनव्हासवर नाव नसलेल्या खेडूत बायका तेरा चौकटी व्यापून बसल्या आहेत आणि पुरुषाच्या वाट्याला एक कोपरा आणि एक हात आला आहे. ११८ कोटींपेक्षा ही बातमी मोठी होती. ती कुणी छापली नाही.

आता पाहायचे कसे?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी कतारची राजधानी दोहा येथे हुसेन यांच्या नावाचे संग्रहालय खुले झाले. त्याचे नाव ‘लौह व कलम’. इमारतीची कल्पना हुसेन यांनी स्वतः काढलेल्या एका रेखाटनावरून घेतली आहे. आखातात नोकरीला असलेली आपल्या जिल्ह्यातील मुलेही आता ते पाहू शकतील. पंढरपूरच्या मुलाचे संग्रहालय दोह्यात व्हावे, याचा आनंद मानावा की विषाद, हे आम्ही वाचकांवर सोपवतो. परंतु दोह्याला जाण्याची ऐपत नसलेल्यांनी काय करावे, याचे उत्तर देणे आपल्या हातात आहे.

मराठी मुस्लिम साहित्य चळवळीने आपल्याला कथा, कविता, आत्मकथन दिले. आपल्या वार्षिकांत कवितेची समीक्षा येते, कादंबरीची येते. चित्राची फार क्वचित येते. मुखपृष्ठावर चित्र असते, त्याखाली चित्रकाराचे नावही कधीकधी नसते. जिल्ह्यातील उर्दू आणि मराठी शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना उसना दिलेला तास, अशी पुष्कळ ठिकाणी स्थिती आहे. नजर शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. यासाठी ११८ कोटी लागत नाहीत. एका शाळेने ‘ग्रामयात्रा’ची चांगली छापील प्रत फळ्याशेजारी लावावी आणि मुलामुलींना एवढेच विचारावे, की यात तुझ्या आजीसारखी कोण आहे, आणि यात तुझ्या गावातले कोण नाही. नगरहून पुणे तीन तासांवर आहे. एखाद्या सहलीत पानशेतऐवजी इतिहास संशोधक मंडळ घ्यावे, आधी रीतसर परवानगी मागावी, आणि ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची चित्रे मुलांना निदान छापील ग्रंथात दाखवावीत.

त्या मुलांतला एखादा सुलतानाशेजारच्या डागावर बोट ठेवून ‘येथे कोण होते?’ असे विचारील. त्याला उत्तर देता यावे, एवढी तयारी मात्र आपण शिक्षकांनी, पालकांनी आणि लिहिणाऱ्यांनी आजपासून करायला हवी.